अक्षरगप्पा : पुढे कोण, मागे कोण?



मागच्या गप्पांत आपण अक्षराचे अवयव पाहिले. शिरोरेषा, काना, गाठ, शेपूट, आणि अक्षराच्या पोटातली मोकळी जागा. त्यानंतर जे निरोप आले, त्यांतले निम्मे गणपतीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींचे होते आणि प्रश्न जवळजवळ एकच होता. “मावशी, एका पोस्टरमध्ये दोनपेक्षा जास्त फाँट वापरू नका, असं सगळे सांगतात. मग काही पोस्टरांत चार-पाच प्रकारची अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात, तरी ती छान कशी दिसतात?”

दोन फाँटांचा नियम चुकीचा नाही. तो वाचायच्या मजकुरासाठी आहे. कार्यक्रमाची वेळ, ठिकाण, पाहुण्यांची नावं, वर्गणीचा हिशेब अशा ठिकाणी एक-दोन फाँट पुरे. पण पोस्टरच्या मधोमध अक्षर हेच चित्र होतं, तेव्हा हिशेब बदलतो. कुटुंबाच्या फोटोत पंधरा माणसं असली तरी गर्दी वाटत नाही, कारण कोण खुर्चीवर बसलंय, कोण मागे उभं आहे आणि कोण खाली सतरंजीवर मांडी घालून बसलंय, हे ठरलेलं असतं. अक्षरांच्या थरांचंही तसंच आहे. तेव्हा आज दोन गोष्टी बघू. अक्षरांची कुळं कशी ओळखायची, आणि वेगवेगळ्या कुळांतली अक्षरं एकावर एक ठेवताना कोणाला पुढे घ्यायचं, कोणाला मागे.

आधी कुळं ओळखू या

रोमन अक्षरांची कुळं तुम्ही रोज बघता, फक्त नावं माहीत नसतात. अक्षराच्या टोकांना छोटे पाय किंवा टोप्या असतात ती सेरिफ, नसतात ती सॅन्स सेरिफ, एवढी ओळख बहुतेकांना असते. सेरिफांतही पोटजाती आहेत. गॅरामाँडसारखी जुनी अक्षरं लेखणीच्या हाताची आठवण ठेवतात. त्यांत जाड-बारीकपणा हळूहळू बदलतो. बोडोनीसारख्या अक्षरांत जाड रेघ एकदम जाड आणि बारीक रेघ केसासारखी असते. क्लॅरेंडनसारख्या स्लॅब अक्षरांचे पाय विटेसारखे चौकोनी आणि भक्कम असतात. सॅन्समध्ये १९२७ सालचं फ्युचुरा कंपासनं आखल्यासारखं भूमितीचं, तर १९५७ सालचं हेल्वेटिका सरळ, शांत, सरकारी कचेरीतल्या फलकासारखं.

कुळ ओळखायची एक सोपी युक्ती सांगते. छोटा इंग्रजी ‘जी’ बघायचा. फ्युचुरातला ‘जी’ म्हणजे एक गोल आणि खाली एक आकडा. बास्करव्हिलमधला ‘जी’ मात्र दुमजली असतो, वर एक पोट, खाली दुसरं, आणि खालचं पोट पूर्ण बंदही होत नाही. एकच अक्षर, पण ते कोणत्या घराण्यातलं हे लगेच कळतं.

या घराण्यांची एक प्रसिद्ध यादी मॅक्सिमिलियन व्हॉक्स या फ्रेंच गृहस्थांनी १९५४ साली केली. अक्षरकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ती १९६२ मध्ये स्वीकारली आणि पुढे जगभरच्या कलाशाळांत ती शिकवली गेली. तिच्यात रोमन अक्षरांना बरेच खण होते. आणि आपल्याला? पुढे जोडलेला एक खण, ‘रोमनेतर’. देवनागरी, गुजराती, तमिळ, अरबी, चिनी सगळ्या एकाच डब्यात. जणू घरातल्या प्रत्येक चमच्याला वेगळी जागा आणि बाकी सगळी भांडी एका पोत्यात! २०२१ साली त्या संघटनेनंच ही यादी मागे घेतली. पण तिच्यावर वाढलेली सवय एवढ्या लवकर जात नाही. अजूनही कितीतरी जणांना वाटतं की फाँटची निवड इंग्रजीत करायची असते आणि मराठीत जो असेल तो लावायचा असतो.

आपल्या देवनागरीतही कुळं आहेत. शास्त्रशुद्ध वर्गवारी करणारे अभ्यासक वेगळे. मी कामाच्या सोयीसाठी चार कुळं मानते.

पहिलं बोरूचं कुळ. तिरक्या कापलेल्या बोरूनं जाड-बारीक वळणं येतात, ती यात दिसतात. आपल्या आजोबांच्या पिढीनं वाचलेली पोथ्यापुस्तकं, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे, हे सगळं याच वळणाचं. आजच्या फाँटांत टिरो देवनागरी मराठी याच्या जवळ जातो. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट्या तिरकेपणानं कापतात, त्यामुळे जाड-बारीकपणाचा कलही उलटा पडतो. थरांच्या रचनेत हा उलटेपणा फार कामाला येतो.

दुसरं टोकाच्या फरकाचं कुळ. जाड ते अगदी जाड, बारीक ते अगदी बारीक. रोझा वन हा फाँट बघा, म्हणजे कळेल. लग्नपत्रिकेतल्या पैठणीच्या काठासारखा त्याचा थाट असतो.

तिसरं एकसारख्या जाडीचं कुळ. मुक्ता, हिंद, पॉपिन्स. मोबाइलवर, फलकांवर, फॉर्मवर दिसणारी ही कामसू अक्षरं. पॉपिन्स त्यातलं भूमितीचं, फ्युचुराचं चुलत भावंड म्हणा.

चौथं हाताचं आणि हौसेचं कुळ. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन, हस्ताक्षरासारखा कलम, गुबगुबीत बालू, आणि त्याहून गुबगुबीत मोदक. मोदकमधली अक्षरं इतकी भरलेली आहेत की पोटातली मोकळी जागा फटीएवढीच उरते. नाव सार्थ आहे!

हे सगळे फाँट गूगल फाँट्सवर मोफत मिळतात. आणि हो, आपल्या गावाच्या नावाचाही एक फाँट तिथे आहे. हिंद वडोदरा. तो गुजरातीचा आहे. हिंद कुटुंबातल्या एका लिपीला आपल्या शहराचं नाव मिळालंय, हे वर्गात सांगून बघा, मुलं लगेच शोधायला लागतात.

एका ‘ग’चे तीन थर

आता प्रत्यक्ष रचना करू. गणपती जवळ आलेत, म्हणून अक्षर घेऊ ‘ग’. यामागे दुसरंही कारण आहे. देवनागरी ‘ग’ आणि गुजराती ‘ग’ सख्खे भाऊ आहेत. गुजरातीनं शिरोरेषा काढून ठेवली एवढाच ठळक फरक. शिवाय ‘ग’चे दोन तुकडे असतात, डावीकडचा आकडा आणि उजवीकडचा काना. दोघांच्या मधे जी मोकळी जागा राहते, ती आपली खिडकी. तिच्यातून मागचा थर दिसतो. ज्या अक्षरात खिडकी आहे, ते थरांसाठी चांगलं.

मागचा थर. इथे वजन हवं, तपशील नको. मोदकमधला ‘ग’ घ्या आणि तो इतका मोठा करा की कागदाच्या दोन बाजूंनी बाहेर जाईल. तो पूर्ण दिसायची गरज नाही. रंग फिका, पण मेलेला नको. हळदीचा किंवा शेंदराचा हलका हात चालेल. या थराचं काम जमीन तयार करण्याचं. रांगोळीआधी सारवण घालतात ना, तसं.

मधला थर. इथे पूल हवा. गुजराती ‘ग’ हिंद वडोदरामध्ये, मागच्यापेक्षा निम्म्या आकाराचा. भरीव न ठेवता नुसती बाह्यरेघ ठेवलीत तरी चालेल. त्याला शिरोरेषा नसल्यामुळे तो वरून मोकळा राहतो आणि मागच्या आणि पुढच्या दोन्ही अक्षरांना जागा देतो. किंवा इथे बास्करव्हिलचा दुमजली ‘जी’ ठेवा. त्याची दोन पोटं ‘ग’च्या आकड्याशी गोलाई जुळवून घेतात.

पुढचा थर. इथे वाचणं हवं. रोझा वन किंवा टिरोमधला ‘ग’, आकारानं तिघांत सर्वांत लहान, रंगानं सर्वांत गडद. लहान अक्षर पुढे कसं येईल, असं वाटतं ना? गडद रंग आणि कडेची तीक्ष्णता त्याला पुढे आणते. मागचा मोठा, पण धूसर. पुढचा छोटा, पण खणखणीत. तबल्याच्या जोडीत डग्गा आकारानं मोठा असतो आणि बोल मात्र तबल्याच्या शाईवर स्पष्ट वाजतात, तसं समजा.

जवळची भांडतात, लांबची नांदतात

नवखे डिझायनर इथे अडखळतात. त्यांना वाटतं, वेगळी कुळं एकत्र आणायची तर जरा सारखी दिसणारी घ्यावीत, म्हणजे भांडण होणार नाही. प्रत्यक्षात उलटं होतं. मुक्ता आणि हिंद एकावर एक ठेवून बघा. दोघांची जाडी सारखी, स्वभाव सारखा, फरक अगदी किरकोळ. बघणाऱ्याला वाटतं की फाँट चुकून बदललाय, किंवा छपाई हललीय. मुक्ताशेजारी रोझा ठेवलात, तर कोणाच्याही मनात शंका येत नाही. फरक मुद्दाम केलाय हे दिसतं.

म्हणून माझा साधा ठोकताळा आहे. दोन थरांतल्या अक्षरांत निदान दोन गोष्टी ठळक वेगळ्या हव्यात. आकार, जाडी, जाड-बारीकपणाचा फरक, भरीव की पोकळ, लिपी, कुळ, यांतल्या कुठल्याही दोन. आणि एक गोष्ट मात्र सारखी हवी, ती त्यांना बांधून ठेवते. कधी ती गोलाई असते, कधी रंग, कधी फक्त एक सरळ रेघ. सगळंच वेगळं झालं की जत्रा होते, सगळंच सारखं झालं की चूक वाटते.

तीन थर पुरे. चौथा घ्यायचा असेल तर त्याला काम द्या. ‘रिकामं वाटत होतं म्हणून घातला’ हे काम नव्हे.

रेघ कुठे जुळवायची?

रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात. देवनागरी वरच्या रेषेला लटकते. गुजराती दिसायला मोकळी, पण तिच्याही अक्षरांच्या डोक्यांची एक अदृश्य रेषा असते. तीन लिप्या एकत्र आल्या की पहिला प्रश्न हाच असतो. कोणाच्या रेषेनं सगळ्यांना बांधायचं?

मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरं लटकवत जात. आपणही तेच करू. पुढच्या थरातल्या देवनागरी अक्षराची शिरोरेषा हा पाया धरा. ती रेघ डावी-उजवीकडे कागदाच्या टोकापर्यंत मनातल्या मनात ओढा. मधल्या थरातल्या इंग्रजी छोट्या अक्षराचं डोकं किंवा गुजराती अक्षराचा माथा त्या रेघेवर आणून ठेवा. एवढं केलंत की तिन्ही अक्षरं वेगवेगळ्या घरांतून आलेली असली तरी एकाच तारेवर वाळत घातल्यासारखी दिसतात. मागचं अवाढव्य अक्षर या शिस्तीतून मोकळं सोडा. सगळेच शिस्तीत आले की रचना शाळेच्या कवायतीसारखी होते.

रंग आणि पारदर्शकता

थर म्हटलं की सगळे आधी ओपॅसिटी कमी करतात. तीन अक्षरं, तिन्ही पन्नास टक्के, आणि सगळं मिळून गढूळ पाणी. त्यापेक्षा मल्टिप्लाय हा पर्याय वापरा. त्यात एका शाईवर दुसरी शाई चढल्यासारखा परिणाम मिळतो. पिवळ्यावर निळसर आला की दोघांच्या छेदात हिरवा दिसतो, पिवळ्यावर गुलाबी-जांभळा आला की लाल. जुन्या छपाईत दोन शाया वापरून तिसरा रंग फुकट मिळवायचे, ती हीच युक्ती. जिथे दोन अक्षरं एकमेकांना छेदतात, तिथे तयार होणारा तिसरा आकार नीट बघा. तो देखणा असेल तर रचना जमली. तो जाळीदार, चिरफाळलेला असेल तर एक अक्षर थोडं सरकवा. कधीकधी दोन-चार मिलीमीटरचा फरक पुरतो.

मग तीन परीक्षा घ्या. पहिली, सगळं काळं-पांढरं करून बघा. रंग काढल्यावर पुढचं अक्षर हरवत असेल, तर ते रंगाच्या कुबडीवर उभं होतं. दुसरी, चित्र व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा आणि अंगठ्याएवढं बघा. तिसरी, घरातल्या सर्वांत वडील माणसाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवून विचारा, “आजोबा, काय लिहिलंय?” त्यांनी “छान आहे हो, पण काय आहे ते?” असं म्हटलं, तर परत कामाला लागा.

हे आपल्याला नवं नाही

वेगवेगळ्या वळणांची अक्षरं एकत्र नांदवणं आपल्याकडे जुनंच आहे. आपल्या पूर्वजांच्या घरात दोन लिप्या होत्या. पोथी आणि छापील पुस्तक बाळबोधात, हिशेब, पत्रं आणि दरबारी कागद मोडीत. गायकवाडांच्या दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या घराण्यांतही सापडतात. एकच माणूस सकाळी पोथी बाळबोधात वाचायचा आणि दुपारी खतावणी मोडीत लिहायचा. कोणत्या कामाला कोणतं वळण, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

आजच्या काळात अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून मोडी आणि देवनागरी यांच्या संगमातून मोकळी अक्षरं घडवली. एकावर एक चढणारी, एकमेकांत शिरणारी त्यांची अक्षरं तुम्ही पाहिली असतील. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शेकडो नावं काढली, तीही प्रत्येक नाटकाच्या स्वभावाप्रमाणे. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर वेगळं, फार्सचं वेगळं. आणि संगणकावरचं साधं ‘मंगल’ ज्यांनी घडवलं, ते र. कृ. जोशी हेही मुळात कॅलिग्राफीचे शिक्षक. या तिघांचं काम शोधून बघा. कुळं माहीत असली की कुळाबाहेर कसं जाता येतं, ते तिथे दिसतं.

मागे राहिलेलं अक्षर

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते.

या उन्हाळ्यात मंडळाच्या सभागृहात आपण चार दिवसांचं अक्षरशिबिर घेतलं. मुलं आठवी ते बारावीतली. शाळा इंग्रजी माध्यमाची, मित्रांशी गुजराती आणि हिंदी, घरात मराठी बोलणं. काम असं दिलं होतं की आपल्या नावातलं पहिलं अक्षर तीन लिप्यांत, तीन वेगळ्या कुळांतून घ्यायचं आणि थरांची रचना करायची. कोण पुढे, कोण मागे, यावर काहीच अट नव्हती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या रचना भिंतीवर लावल्या. कामं सुरेख होती. पण दूर उभं राहून पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. बहुतेक सगळ्यांत इंग्रजी अक्षर पुढे, ठळक, चकचकीत. गुजराती मधे. आणि मराठी मागे, फिकट, पडद्यावरच्या नक्षीसारखं. कोणी तसं सांगितलं नव्हतं, कोणी एकमेकांचं पाहूनही केलं नव्हतं.

नववीतल्या एका मुलाला मी विचारलं, “मराठी अक्षर मागे का ठेवलंस?” तो म्हणाला, “मला ते पटकन वाचता येत नाही ना. मग पुढे ठेवून काय करू?”

त्याचं उत्तर प्रामाणिक होतं. जे आपल्याला वाचता येत नाही, त्याची आपण आपोआप नक्षी करून टाकतो. आपल्या लग्नपत्रिका बघा, मंडळांची पोस्टरं बघा, नव्या फ्लॅटच्या दारावरच्या पाट्या बघा. देवनागरी असते, नाही असं नाही. पण ती कुठे असते? मागे, वळणदार, ‘पारंपरिक टच’ म्हणून. नाव, तारीख, पत्ता, म्हणजे जे खरंच वाचायचं ते सगळं दुसऱ्या लिपीत. एका पिढीत अक्षर मजकुरातून नक्षीत जातं. पुढच्या पिढीत नक्षी राहते आणि ते अक्षर होतं हेच विसरलं जातं. मोडीचं आपल्याकडे हेच झालं. पणजोबांच्या पेटीतला कागद आज आपण फ्रेम करून भिंतीला लावतो, आणि त्यात शेताचा वाद लिहिलाय की उसनवारीचा हिशेब, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना एकच अट घातली. थरांचा क्रम उलटा करा. अक्षरं तीच, कुळं तीच, फक्त मागचं पुढे आणा.

मग गंमत झाली. मागे असताना कुठलाही फाँट चालून जात होता. पुढे आणल्यावर मात्र अक्षर नीट बघावं लागलं. त्या नववीतल्या मुलाच्या नावातलं पहिलं अक्षर ‘ल’. त्यानं फाँटमधून घेतलेला ‘ल’ शाळेच्या हिंदीच्या पुस्तकातल्यासारखा होता. रात्री घरी आजीला दाखवला, तर ती म्हणाली, “असा नाही आपला ‘ल’,” आणि तिनं वाणसामानाच्या यादीमागे बॉलपेननं पाकळीचा ‘ल’ काढून दिला.

मंडळी, हा फरक खरा आहे. मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. महाराष्ट्र शासनानं २००९ साली मराठी वर्णमालेचं प्रमाणरूप ठरवताना हीच मराठी वळणं धरली. संगणकाला ‘ल’ म्हणजे एकच अक्षर, त्याचं रूप फाँट ठरवतो. टिरोनं मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळे फाँट केलेत, ते याच कारणानं. आणखी काही फाँटांत दोन्ही रूपं आतच असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडलीत की ‘ल’ आणि ‘श’ आपोआप आपल्या वळणावर येतात. आपण भाषा निवडत नाही, म्हणून ते येत नाहीत, इतकं साधं आहे.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाच्या रचनेत मागे क्लॅरेंडनचा भक्कम इंग्रजी ‘एल’ होता, मधे गुजराती ‘ल’ नुसत्या बाह्यरेघेत, आणि सर्वांत पुढे आजीच्या हातचा पाकळीचा ‘ल’, मोबाइलनं टिपून मोठा केलेला, बॉलपेनच्या रेघेतल्या तुटक्या जागांसकट. यंत्राच्या दोन अक्षरांपुढे हाताचं एक अक्षर. कुळांचा फरक एवढा स्पष्ट होता की रंगही लागला नाही. त्यानं सगळं काळ्या-करड्यात ठेवलं.

चार दिवसांत त्याला मराठी वाचता येऊ लागलं, असं मी म्हणणार नाही. एक अक्षर ओळखीचं झालं, एवढंच. पण ते आता त्याच्यासाठी नक्षी राहिलेलं नाही.

याचा अर्थ मराठी दर वेळी पुढेच हवी, असा नाही. पुढे कोण, हे वाचणारा ठरवतो. सोसायटीतल्या गुजराती शेजाऱ्यांना आरतीला बोलावायचं असेल, तर गुजराती पुढे आणा, त्यात कमीपणा नाही. मागे मराठीची सुंदर नक्षीही चालेल. माझं मागणं इतकंच आहे की घरातल्या आणि मंडळाच्या कामात एखादा तरी मराठी शब्द असा ठेवा, जो वाचल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.

या महिन्याचा गृहपाठ

आपल्या आडनावातलं पहिलं अक्षर घ्या. एक रूप जाड आणि भरीव कुळातलं, एक एकसारख्या जाडीचं आणि दुसऱ्या लिपीतलं, आणि एक घरातल्या वडील माणसाच्या हातचं. हातचं अक्षर साध्या कागदावर काढून घ्या, उजेडात फोटो काढा, पार्श्वभूमी पांढरी करा. तीन थर मांडा, शिरोरेषेची तार ओढा, काळं-पांढरं करून तपासा. दोन रंगांच्या पुढे जाऊ नका. आणि घरी जुनी पत्रं असतील, तर त्यातलं अक्षर आणखी चांगलं. लिहिणारं माणूस आता नसलं, तरी त्याचा ‘ल’ किंवा ‘ग’ असतो.

रचना अंकाच्या नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. गणपतीत मंडळाच्या भिंतीवर लावू. सोबत दोन ओळी लिहा, अक्षर कोणाच्या हातचं आणि तुम्ही त्याला कोणत्या थरात ठेवलं. दुसरी ओळ मी आधी वाचणार आहे.

पुढच्या गप्पांत आकड्यांकडे वळू. मराठी ५ आणि ८ यांची जुनी-नवी वळणं, आणि घराच्या नंबराच्या पाटीवर ती का दिसेनाशी झाली, यावर. तोवर भेटू, लिहीत राहा!